अकरा वह्या

शनिवारी आम्ही तिघं कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून
उभे असतो, पर्थच्या धावपट्टीच्या टोकाला.
नॉर्म पास्को, गुडघ्याला पट्टा.
अँटे वुलेटिच, ज्यानं वीस वर्षं
त्या विमानांच्या पोटाखाली उताणं पडून काढली.
आणि मी.
मला विमानांतलं काही कळत नाही.
मी लेस्टरच्या जागी उभी असते,
थर्मास त्याचाच.

आता येतात ती सगळी सारखीच, नॉर्म म्हणतो,
उकडलेल्या अंड्यांसारखी.
फोकर कसं, डोळे मिटूनही कळायचं.
अँटे दोन्ही तळवे जोडतो
आणि हळूहळू फाकवतो:
उतरताना शेपटीच्या टोकाला
अशा दोन पाकळ्या उघडायच्या, वारा अडवायला.
त्याच्या हातांच्या रेषांत वंगण आहे अजून.
पाकळ्या थरथरतात.
वयामुळे. पण तो म्हणतो,
बरोबर, अशाच थरथरायच्या.

मग ते चार इंजिनांचं ठेंगणं,
खांद्यावर पंख घेतलेलं,
फ्लॅप बाहेर काढताना असं हंबरायचं
की खाणीवर पहिल्यांदाच निघालेल्या पोरांचे
चेहरे विमानाच्या आधी उतरायचे.
नॉर्म तो आवाज काढून दाखवतो.
पलीकडच्या गाडीतला कुत्रा उठून बसतो.

कुठे गेली ती सगळी? भंगारात, आणखी कुठे.
एकीची खिडकी अँटेच्या खुराड्याला आहे.
कोंबड्या तिच्यातून पाऊस बघतात,
म्हणजे वर्षातून थोडे दिवस.

लेस्टरच्या वह्या माझ्याकडे. अकरा.
तारीख, नोंदणीची अक्षरं, धावपट्टी, वारा,
किती मिनिटं उशीर, कुणामुळे.
पॅराबर्डू: धावपट्टीवर कांगारू, दोन घिरट्या.
कार्नार्व्हन: पुढच्या बाईच्या मांडीवर केळ्यांचा घड,
सीटबेल्ट दोघांना मिळून.
मीकाथारा: दार उघडलं. माश्या आत, आम्ही बाहेर.

तो गेला त्या ऑगस्टमध्ये
रात्री स्वयंपाकघरात, हीटर पायाशी ओढून,
मी या वह्यांत माझं नाव शोधलं.
खरं सांगायचं तर, रागानं.
एकदाही नाही.
लग्नानंतर ब्रूमला गेलो होतो,
त्या पानावर उजव्या इंजिनाचा सूर आहे,
ढगांची उंची आहे,
सँडविचमधलं बीटसुद्धा आहे.
मी नाही.

सातव्या वहीत मात्र एक पान,
पोर्ट हेडलंड ते पर्थ.
माझ्या भावाला मातीत ठेवून परतत होतो,
बुटांच्या शिवणीत लाल धूळ.
त्या पानावर वारा नाही, धावपट्टी नाही.
एकच ओळ, पेन्सिलीनं:
आज खिडकी दिली.

तुम्ही लेस्टरला ओळखत नव्हता.
खिडकी त्यानं कुणाला दिली नसती.
एकदा एका गरोदर बाईला नाही म्हणाला होता,
मी आठवडाभर बोलले नव्हते.

आणि मला आठवतं,
मी झडप खाली ओढली होती.
दोन तास. सगळा वेळ.
तो शेजारी बसून होता,
एवढं सगळं पायाखालून जात असताना
काही न बघता,
बहुतेक ऐकत.

आज हे पहिल्यांदा सांगितलं यांना.
अँटे चहाच्या वाफेकडे बघत राहिला.
नोंदणीची अक्षरंही नाही लिहिली?
नॉर्मनं विचारलं, कुणीतरी ढकलल्यासारखं.
नाही.
लेस्टरनं?
नाही म्हटलं ना.

एक अंडं येऊन उतरलं.
कुणी मान वर केली नाही.